मारते ती कुंडी, पाऊस नव्हे

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याचे कोरडे तालुके. लोणावळ्याच्या बाजूला, सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. घोड आणि भीमेच्या काठच्या या पट्ट्यात तो साधारण ४५० ते ५५० मिलिमीटरवर येतो. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई ही गावे तर पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडत आली आहेत. अशा मुलखात घरापुढे हिरवे काही हवे असेल तर जाड पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी मांसल झाडे, रोपवाटिकांच्या भाषेत सक्युलंट, लावावीत हे कोणालाही पटेल. लोक ती हौसेने आणतातही. एप्रिल-मेचे ऊन ती निभावून नेतात आणि भाद्रपदात कधीतरी बुडाशी मऊ पडून आडवी होतात. चाळीस अंशांत टिकलेले झाड पाचशे मिलिमीटरच्या पावसात गेले म्हटल्यावर दोष सरसकट पावसाच्या माथी जातो, आणि पुढच्या जूनला उरलेल्या कुंड्या जिन्याखाली किंवा पोर्चच्या कोपऱ्यात ढकलल्या जातात. ही समजूत चुकीची आहे असे माझे ठाम मत आहे. इथला पाऊस यातल्या बहुतेक झाडांना सोसतो, इतकेच काय, तो त्यांना हवा असतो. त्यांचा जीव घेते ती कुंडीतली माती, आणि तिचे काम पुष्कळदा मे महिन्यातच सुरू झालेले असते.

आधी साधा हिशेब मांडू. दहा इंच तोंडाच्या कुंडीवर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर अख्ख्या वर्षात तिच्यात सुमारे पंचवीस लिटर पाणी जाते. तीच कुंडी पोर्चमध्ये ठेवून कोणी आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा लिटर पाणी घातले, तर वर्षाला बावन्न लिटर होतात. म्हणजे प्रेमाने पाणी घालणारा माणूस पावसाच्या दुपटीने पाणी घालतो आणि तरी झाड जगलेले असते. फरक पाणी किती मिळाले यापेक्षा ते कसे आले यात आहे. या पट्ट्यात मृगाचा पाऊस बेभरवशाचा. जून-जुलैत वारा आणि भुरभुर जास्त, मध्ये लांबलचक उघडीप. मुख्य पाऊस सप्टेंबरमध्ये, उत्तरा आणि हस्ताच्या दिवसांत येतो, तोही संध्याकाळच्या गडगडाटासह आणि एकगठ्ठा. एका सरीत पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर जेमतेम आठ-नऊ लिटर माती मावणाऱ्या त्या कुंडीत तासाभरात अडीच लिटर पाणी पडते. पुढचे चार दिवस ढगाळ आणि दमट असतात. मेच्या कोरड्या उन्हात जेवढी वाफ होते तिच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही मग होत नाही, आणि आत गेलेले पाणी तिथेच बसते.

एरवी कुंडीतले पाणी संपवण्याचे मोठे काम झाड स्वतः करते. तुळस किंवा जास्वंद दिवसभर पानांवरची रंध्रे उघडी ठेवून मुळांनी ओढलेले पाणी हवेत सोडत राहते. भर पावसातही एक दिवस ऊन पडले की तिची कुंडी हलकी होते. सक्युलंटची रीत उलटी आहे. १८१५ साली बेंजामिन हाइन या भारतात काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे एक निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले. पानफुटीचे पान सकाळी चाखले तर आंबट लागते, दुपारपर्यंत त्याची चव जाते, असे त्याने नोंदवले होते. त्याचे कारण पुढे उलगडले. ही झाडे रंध्रे रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसा दारे बंद करून तो उन्हाच्या साहाय्याने वापरतात. रात्री हवा गार असते, त्यामुळे पाणी फार कमी उडते. दुष्काळात झाडाला तारून नेणारी हीच काटकसर सप्टेंबरमध्ये त्याच्या अंगाशी येते. तुळस कुंडी उपसू शकते, कोरफड उपसू शकत नाही. जे पाणी झाड उपसणार नाही ते कुंडीने स्वतःहून सोडून दिले पाहिजे. माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे.

आता कुंडीने ते सोडले नाही तर काय होते? मुळेही श्वास घेतात आणि त्यांना प्राणवायू मातीतल्या पोकळ्यांमधून मिळतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की तो मिळणे जवळजवळ थांबते, कारण पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. गुदमरलेल्या मुळांची टोके मरतात, आणि पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे बुरशीसदृश जीव नेमक्या अशाच वेळी जागे होतात. त्यांच्या बीजाणूंना शेपटीसारखे तंतू असतात आणि ते मातीतल्या पाण्यातून पोहत मुळांपर्यंत जातात. मातीत मोकळे पाणी उभे नसेल तर त्यांना पोहायला वाट नसते. पावसाचे पाणी खडीतून झरझर निघून गेले तर मुळाला अपाय नाही. तेवढेच पाणी चिकणमातीत चार दिवस अडून बसले तर मूळ जाते. दौंडच्या कालवाभागातली काळी माती नेमकी असे पाणी अडवून धरणारी आहे. शेतात तो तिचा मोठा गुण; ऊस, गहू, हरभरा त्यावर पोसतात. कुंडीत तीच माती ओली झाली की फुगते, पोकळ्या मिटतात. सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग उन्हाळ्यात घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जाते आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. भोकातून पाणी आलेले पाहून माणसाला मात्र वाटते की निचरा उत्तम आहे.

शिरूरच्या डाळिंबवाल्यांना हे सांगावे लागत नाही. डाळिंब सक्युलंट नाही, पण काटक आहे, कमी पाण्यावर येते, आणि भारी काळ्या रानात लावले की पावसाळ्यात मर रोगाने बसते. म्हणून बागायतदार हलकी, मुरमाड जमीन शोधतो, नसेल तर उंच गादीवाफे करून त्यावर झाडे लावतो. पावसावर छप्पर घालायचे कोणी मनातही आणत नाही. आधी मुळाखालची जमीन सुधारली जाते. शेतात कळणारी ही गोष्ट गच्चीवरच्या कुंडीपाशी का विसरली जावी?

यावर पहिला आक्षेप असा येतो की सक्युलंट ही वाळवंटी झाडे, पावसाळी देशात त्यांचे काय काम. पण आपल्याच माळावर नजर टाका. बांधावरचा शेर आणि निवडुंग, काटेरी झुडपांच्या आधाराने वाढणारे माकडशिंग, झाडांवर चढलेली कांडवेल, पावसाळ्यात पिकात उगवणारी आणि भाजीला खुडली जाणारी घोळ ही सगळी मांसल झाडे आहेत आणि पावसाळा हाच त्यांचा वाढीचा काळ आहे. फड्या निवडुंग तर अमेरिकेतून आलेला पाहुणा. कुंपणासाठी लावलेला हा निवडुंग दख्खनमध्ये इतका माजला की त्याच्या काही जातींची रानेच्या राने आवरायला १९२६ मध्ये श्रीलंकेतून खास किडा आणावा लागला. त्याच्यावर कोणी छप्पर घातले नव्हते. सगळ्यात बोलका पुरावा शिंदळ माकुडीचा आहे. फ्रेरिया इंडिका हे तिचे शास्त्रीय नाव. एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने तिचे वर्णन केले आणि मुंबई इलाख्याचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर याचे नाव तिला दिले. महाराष्ट्राबाहेर ती रानात कुठेही आढळत नाही. शिवनेरी आणि पुरंदर या किल्ल्यांच्या कड्यांवर, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, शिरूर-दौंडपेक्षा जास्त पाऊस झेलत ती जगते. पावसाळ्यात तिला पाने आणि लालसर, ठिपकेदार फुले येतात, उन्हाळ्यात पाने गाळून ती नुसत्या मांसल खोडावर राहते. तिला पाऊस का मारत नाही? कारण ती कातळाच्या फटीत, मूठभर खडबडीत मातीत उभी असते आणि पडलेले पाणी तिच्या मुळांशी क्षणभरही थांबत नाही. कुंडीत आपल्याला ही कड्यावरची फट तयार करायची आहे.

ती करताना एक जुनी सवय आडवी येते. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा थर द्यावा, म्हणजे निचरा होतो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे. भोकातून माती गळू नये म्हणून एक खापरी ठेवणे योग्यच आहे. पण जाड थराने निचरा सुधारत नाही, बिघडतो. बारीक मातीतल्या सूक्ष्म पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि त्याखाली मोठ्या पोकळ्यांची खडी आली तर ते पाणी खाली उतरायला तयार होत नाही. मातीच्या तळाशी काही बोटे उंचीचा चिंब थर कायम राहतो. खडी नसती तर हा थर कुंडीच्या बुडाशी असता, खडीमुळे तो वर, मुळांच्या जवळ सरकतो. भांडी घासायचा स्पंज घेऊन हे घरी पाहता येते. भिजवलेला स्पंज आडवा धरा, ठिबकणे थांबू द्या, मग तो उभा करा. पुन्हा पाणी गळू लागते. दोन्ही वेळा तळाशी पाणी तेवढ्याच उंचीपर्यंत अडते, पण उभ्या स्पंजाचा वरचा बराच भाग मोकळा होतो. म्हणूनच उथळ, पसरट कुंडी सक्युलंटला चांगली हा सल्लाही अर्धाच खरा आहे. माती बारीक असेल तर उथळ कुंडी म्हणजे निव्वळ चिखल. मिश्रण भरड असेल तर तीच कुंडी उत्तम. निर्णय कणांच्या आकारावर होतो. कण तीन ते सहा मिलिमीटरचे, म्हणजे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे असतील तर तो चिंब थर जवळजवळ उरतच नाही.

असे मिश्रण या दोन तालुक्यांत जवळजवळ फुकट मिळते. मुरूम पायाखाली आहे. तो बांधकामाच्या चाळणीने चाळावा, बारीक माती खाली पडू द्यावी आणि वर राहिलेले खडे पाण्याने धुऊन घ्यावेत. ही धुलाई टाळू नये, कारण मुरमातली गाळवट माती राहिली तर ती पहिल्या पावसात खाली बसून भोक बुजवते. असा दोन घमेली मुरूम, एक घमेले विटांचे बारीक तुकडे आणि अर्धे घमेले चांगले कुजलेले, चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत, एवढ्यात काम होते. विटेचा तुकडा मला फार मोलाचा वाटतो. तो सच्छिद्र असल्यामुळे पोटात थोडे पाणी धरतो आणि दोन तुकड्यांमधल्या जागेत हवा राहते. मिश्रण जमले की नाही हे तांब्याभर पाणी ओतून कळते. पाणी वर तुंबता कामा नये आणि दहा-पंधरा सेकंदांत खालून बाहेर यायला हवे. रोपवाटिकेतून आलेले रोप बहुधा कोकोपीटमध्ये असते. विक्रेत्याला ते सोयीचे, कारण हलके असते आणि पाणी धरते. आपल्याला नेमके तेच नको असते. तो गोळा मुळांभोवती तसाच ठेवून बाहेर कितीही चांगला मुरूम भरला तरी मुळे ओल्या गोळ्यातच राहतात. तो हलक्या हाताने सोडवून काढावा.

नदीच्या वाळूबद्दल स्वतंत्र सांगायला हवे, कारण सक्युलंटसाठी वाळू हे उत्तर जिथे तिथे दिले जाते. बारीक वाळू मुरमाच्या खड्यांमधल्या पोकळ्यांत जाऊन बसते आणि हवेची जागा अडवते, म्हणून ती उपयोगाची नाही. भरड वाळू चालेल, पण भीमा आणि घोडच्या पात्रांचा उपसा करून आपण त्या नद्यांचे काय केले आहे हे काठावरच्या माणसाला दिसते आहे. शोभेच्या कुंडीसाठी त्यात एका पाटीचीही भर घालू नये. खडी क्रशरवरची सहा मिलिमीटरची बारीक खडी त्याहून चांगले काम करते.

आता मे महिन्याची गोष्ट. सक्युलंटला पाणी नकोच, या समजुतीने पुष्कळ कुंड्या महिना-दीड महिना कोरड्या ठक्क ठेवल्या जातात. गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर, त्यातही काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत, कडेची मुळे भाजून निघतात. झाड खोडातल्या साठ्यावर हिरवे दिसत राहते, पण पाणी शोषणारी बारीक मुळे मेलेली असतात. पहिला मोठा पाऊस आला की पाणी घ्यायला मूळ नसते आणि मेलेल्या मुळांवर सड सुरू होते. म्हणून मेमध्येही आठवड्याला एकदा, संध्याकाळी, थोडे पाणी द्यावे, आणि झाडाला ऊन मिळत असले तरी कुंडीच्या अंगाला सावली मिळेल असे पाहावे. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या तरी बराच फरक पडतो. माती बदलण्याचे काम मेच्या मध्यापर्यंत उरकावे, कारण त्यात तुटलेल्या मुळांच्या जखमा पावसाआधी सुकायला हव्यात. कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये. जून लागला की कुंडीखालची ताटली काढून टाकावी आणि कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी, कारण सपाट बूड ओल्या फरशीला चिकटले की भोक असून नसल्यासारखे होते. मातीची कुंडी की प्लास्टिकची, हा वाद मला गौण वाटतो. मातीची कुंडी अंगातून श्वास घेते हे खरे, पण दमट हवेत तो श्वास मंदावतो. काळी माती भरलेल्या कुंडीला ती वाचवू शकत नाही, आणि भरड मिश्रण असेल तर प्लास्टिकही चालते.

इथे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा कुंड्या चार महिने आत घेतल्या तर काय बिघडले? बिघडते ते असे. पावसाळ्यात मुळातच उजेड कमी. जिन्याखाली तो आणखी घटतो. उष्ण, दमट हवेत झाड वाढतच राहते, पण उजेडाअभावी लांबते, फिकट आणि पोकळ होते, आणि अशा मऊ अंगावर पिठ्या ढेकूण लगेच बसतो. ऑक्टोबरच्या उन्हात परत बाहेर काढले की ते पोळते. दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. उसाच्या पट्ट्यातल्या कित्येक बोअरचे पाणी जड आणि क्षारांचे आहे. कुंडीच्या काठावर साचणारा पांढरा थर त्याचीच खूण. वर्षभर साठलेले हे क्षार धुऊन काढणारे एकमेव स्वच्छ पाणी म्हणजे पाऊस. कुंडी आत ठेवणारा माणूस ही धुलाई नाकारतो.

उलट बाजूचा आक्षेपही विचारात घेण्यासारखा आहे. असे भरड मिश्रण उन्हाळ्यात लवकर सुकणार, मग टंचाईच्या गावात पाणी जास्तच लागेल. मिश्रण लवकर सुकते हे मान्य. पण मांसल झाड मिळालेले पाणी थोड्या वेळात अंगात भरून घेते आणि नंतर मातीवर अवलंबून राहत नाही. त्याची टाकी खोडात आहे, कुंडीत नाही. आठवड्याला अर्धा तांब्या पाणी या झाडांना पुरते. मुरमात कस नाही, ही तक्रारही टिकत नाही. थोडे गांडूळखत वर्षाला पुरेसे होते आणि नत्राचा मारा करून पावसाळ्यात अंग फुगवलेले झाड आधी सडते.

मात्र हे सगळे प्रत्येक झाडाला लागू आहे असे मी म्हणणार नाही. शेर, त्रिधारी निवडुंग, घायपात, कोरफड, पानफुटी, स्नेक प्लांट, अडेनियम, बारीक पानांचा जेड, आणि घरोघर ऑफिस टाइम म्हणून ओळखला जाणारा चिनी गुलाब ही उघड्या पावसात ठेवण्याची झाडे. इचेव्हेरियाचे कमळ मेक्सिकोच्या गार डोंगरांतले. त्याच्या मधोमध पाणी साचून राहते आणि इथल्या उबदार रात्री त्याला मानवत नाहीत. दक्षिण आफ्रिकेकडचे हॉवर्थिया आणि लिथॉप्सही असेच नाजूक. यांच्यासाठी छप्पर हवे, पण पारदर्शक आणि चारही बाजूंनी उघडे. पॉलिहाउसचा पांढरा कागद चार बांबूंवर उतरता ताणला तरी पुरते. शेडनेट इथे कुचकामी आहे. ती उजेड अडवते, पाऊस अडवत नाही, आणि सर थांबल्यावरही थेंब गाळत राहते. सेम्परव्हिवमसारखी युरोपच्या बर्फाळ डोंगरातली झाडे चिवट म्हणून विकली जातात. त्यांचा चिवटपणा थंडीपुरता आहे, दौंडच्या उकाड्यात ती आणू नयेत.

इतके करूनही एखादे झाड सप्टेंबरमध्ये बुडाशी मऊ झाले तर वरचा भाग बहुतेक वेळा वाचतो. स्वच्छ पात्याने सडलेल्या भागाच्या वर काप घ्यावा, कापलेल्या जागी तपकिरी डाग दिसत असेल तर आणखी वर, पांढरा-हिरवा निरोगी गर लागेपर्यंत. मग तो तुकडा सावलीत, वारा लागेल असा आठ-दहा दिवस पडू द्यावा. जखमेवर कोरडी खपली धरली की धुतलेल्या मुरमात टेकवावा आणि मुळे फुटेपर्यंत पाणी अगदी जपून द्यावे.

झाडे कुठून आणायची याबद्दलही माझा आग्रह आहे. शिंदळ माकुडी अतिशय दुर्मीळ आहे. ती किल्ल्यावरून कोणीही उपटून आणू नये. माकडशिंगाला भूक मारणाऱ्या औषधांच्या बाजारात मागणी आल्यामुळे माळावरून त्याचीही खुडणी होते, तेव्हा तेही खोदून आणू नये. खरे तर विकत घ्यायची फारशी गरजच नाही. कोरफडीचा फुटवा आणि पानफुटीचे एक पान शेजारी मिळते. बांधावरच्या शेराची वीतभर फांदी घेताना मात्र डोळे सांभाळावेत, कारण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. हातमोजे घालून कापावी, कापलेले टोक पाण्यात बुडवून चीक थांबू द्यावा, आठवडाभर सावलीत सुकवावे आणि मृगाच्या आधी मुरमात लावून टाकावी.